मामांचा डबा : स्मारक नाण्यांच्या कामाच्या नोंदी

2 जून 2024
डबा आज घरी आणला. बोर्नव्हिटाचा जुना मोठा पत्र्याचा डबा, झाकण गंजून घट्ट बसलेलं, आणि सोबत मामींनी शिवलेल्या दोन खादीच्या पिशव्या. रिक्षावाल्यानं विचारलं, आत खिळे आहेत का. वजनावरून तसंच वाटत होतं.

मामा 1969 ते 2004 एसटीत कंडक्टर होते. दिवसभरात गळ्यातल्या चामडी पिशवीत एखादं वेगळं, कुणाच्या किंवा कशाच्या स्मरणार्थ पाडलेलं नाणं आलं की रात्री डेपोत हिशेब भरताना स्वतःच्या खिशातले तेवढे पैसे घालायचे आणि ते नाणं काढून घ्यायचं, असं पस्तीस वर्षं चाललं. निवृत्तीनंतर मेव्हण्याच्या भडंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागले, तिथंही तेच. आता वय अठ्ठ्याहत्तर. नजर अधू झाली तशी मला म्हणाले, "बाळू, तू छापखान्यातला माणूस. बारीक अक्षरं वाचायची सवय हाय तुला. लावून दे जरा."

निमित्त गल्लीतल्या मंडळाचं. यंदा गणपतीत देखाव्याऐवजी नाण्यांचं प्रदर्शन करायचं ठरलंय. नुसती नाणी मांडायची असती तर दोन रविवारात उरकलं असतं. पण मामांचा हट्ट असा की एकाच नाण्यातले प्रकार वेगळे दाखवायचे. संग्राहक लोक त्याला व्हरायटी म्हणतात. मी या वहीत वाण म्हणणार. सांगलीसारख्या हळदीच्या गावात दुसरं काय म्हणायचं?

मोजदाद: 1,137 नाणी. त्यातली 73 साधी, चुकून पडलेली. कामाची 1,064.

स्वतःला एक नियम घालून घेतला. एकाच नाण्यावर दिसलेला फरक वहीत पेन्सिलीनं लिहायचा. तोच फरक दुसऱ्या नाण्यावर तसाच सापडला तरच त्यावर शाई.

5 जून
नाणी चिखलानं माखलेली आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा मामांच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि डबा कपाटाच्या खालच्या खणात. पाच दिवस तो पाण्यात राहिला. नंतर घर धुण्यातच महिना गेला, डब्याकडे कोण बघतंय. कृष्णामाईचा गाळ अजून त्या नाण्यांच्या अक्षरांत बसलाय, बारीक, करडा, वाळून सिमेंटसारखा. डब्याच्या कडेला टेकलेल्या नाण्यांवर पत्र्याच्या गंजाचे तांबूस डाग.

आज एक गाढवपणा केला. 1985 चं इंदिरा गांधींचं पन्नास पैशांचं नाणं चिंचेनं घासलं. देवाची भांडी घासतात तसं. निघालं चकचकीत, बेंदराला रंगवलेल्या शिंगासारखं. आणि वरची मूळ साय गेली ती गेलीच. चेहऱ्याच्या कडेची बारीक धार बोथट झाली. आता या नाण्यावर कसलाही फरक दिसला तरी तो टांकसाळीचा की चिंचेचा, हे सांगता येणार नाही. वहीत लिहिलं: बाद. मामांना अजून सांगितलेलं नाही.

यापुढे बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर, रात्रभर भिजत, सकाळी मऊ सुती कापडावर टिपून घ्यायचं. पुसायचं नाही. गाळ राहिला तर राहू दे.

9 जून
गाळ सुटला तशी वर्गवारी. सगळ्यांत जुनं 1964 चं नेहरूंचं. स्वतंत्र भारताची स्मारक नाणी त्याच सालापासून सुरू होतात, म्हणजे मामांचा डबा अगदी उगमापासून भरलाय. नेहरूंची नाणी मात्र त्यांच्या वडिलांनी ठेवलेली. पुढे 1969 ची गांधी जन्मशताब्दी, म्हणजे मामांच्या नोकरीचं पहिलं साल. मग 1982 चं एशियाड, 1985 च्या इंदिरा गांधी, 1989 ची नेहरू जन्मशताब्दी, 1990 चे डॉ. आंबेडकर, 1999 चे ज्ञानेश्वर एक रुपयावर आणि शिवाजी महाराज दोन रुपयांवर, 2002 चे तुकाराम. 2003 चं रेल्वेच्या दीडशे वर्षांचं दोन रुपयांचं नाणं आहे, त्यावर भोलू नावाचा गार्डाच्या वेषातला हत्ती. मामा ते हातात धरून म्हणाले, "रेल्वेचा हत्तीसुदिक नाण्यावर गेला. आमच्यातला एक कंडक्टर न्हाई."

शेजारचा बारावीतला पोरगा येऊन बसला होता. गांधींचं वीस पैशांचं नाणं उचलून म्हणाला, "काका, हे 1869 चं आहे, लाखांत जाईल." त्याला दाखवलं की त्यावर 1869-1948 असं लिहिलंय, तो गांधीजींचा काळ. नाणं पाडल्याचं साल त्यावर नाहीच. त्याचा चेहरा पडला. मोबाईलवर असल्या जाहिराती धो धो येतात. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं होतं की आमच्या नावानं जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना फसू नका. लाखांत जाण्याचं सोडा, 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातूनच गेली, तेव्हा या वीस पैशात साधी गोळीही येणार नाही. पन्नास पैसे मात्र अजून चालतात. कागदोपत्री.

16 जून
आज टांकसाळीच्या खुणा. धडा सोपा आहे. सालाजवळ छोटा हिरा म्हणजे मुंबई, पाच टोकांची चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. नोएडाची टांकसाळ 1988 ची, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यावर टिंब दिसलं तर ते टिंब नाही, घाण आहे. हे शेवटचं वाक्य मी स्वतःसाठी लिहून ठेवतोय, कारण 1985 च्या नाण्यावर मला आज टिंब 'सापडलं' होतं. सुईच्या टोकानं निघालं.

सगळ्यांत जास्त नाणी शिवाजी महाराजांची, 188. कारण विचारलं तर मामा म्हणाले, "लोक देतच नव्हती. देव्हाऱ्यात ठेवायची. माझ्या हातात आलं की मीबी सोडत नव्हतो." अकरा बाजूंचं, तांबे-निकेलचं, सहा ग्रॅमचं नाणं. 188 पैकी 171 वर हिरा स्वच्छ. 17 वर खूण दिसत नाही.

धड्याप्रमाणे हे सतरा कोलकात्याचे. बोर्डावर दोन रांगा, वर मुंबई, खाली कोलकाता, झालं काम. पण मन घेईना. पेन्सिलीनं लिहिलं: 17, खूण दिसत नाही. 'खूण नाही' असं लिहिलं नाही.

18 जून
लग्नपत्रिकांचं काम अंगावर आलं. नाण्यांना सुट्टी.

23 जून
आज स्वतःची लाज वाटली. नेहरूंची पन्नास पैशांची सात नाणी तीन दिवस दहापट भिंगाखाली बघतोय. हिऱ्याचा आकार, सालातल्या 4 ची शेपटी, कानाची पाळी. मापं काढली, तक्ता केला. मामी चहा ठेवायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "याच्यावर मराठीत नाव आहे आणि त्याच्यावर इंग्रजीत, ते कशानं?"

सातपैकी पाचांवर इंग्रजी नाव. दोनांवर देवनागरी. 1964 च्या पन्नास पैशांचा हा सगळ्यांत ठळक वाण, कुठल्याही संग्राहकाला तोंडपाठ असलेला. आणि मी, आयुष्यभर खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवलेला माणूस, लिपी बदललेली बघितली नाही. भिंगातून बघताना एका वेळी दीड अक्षर दिसतं ना, म्हणून.

देवनागरी दोन आहेत, म्हणजे नियमाप्रमाणे शाई. शाईनं लिहिलं, आणि समासात 'मामी' असं लिहिलं.

यापुढची पद्धत बदलली. आधी नाणं हातभर लांब धरून साध्या डोळ्यांनी बघायचं. मग ओळीत दहा मांडून बघायचं. भिंग सगळ्यांत शेवटी.

30 जून
चुंबक. स्पीकरमधला जुना गोल चुंबक दोऱ्याला बांधला आणि पाच रुपयांच्या ढिगावर फिरवला.

2006 च्या महात्मा बसवेश्वरांच्या नाण्यांवर मजा झाली. आमच्याकडं ही नाणी पुष्कळ, कर्नाटक उशाशीच आहे आणि घराघरांत बसवण्णांना मानणारे लोक आहेत. 41 नाणी. चित्र तेच, अक्षरं तीच. 29 टपाटप चुंबकाला चिकटली, 12 जागची हलली नाहीत.

चिकटलेली स्टीलची, न चिकटलेली तांबे-निकेलची. एकाच चित्राचं नाणं दोन धातूंत पाडलंय. व्यास दोन्हींचा 23 मिलिमीटर, म्हणून ओळीत मांडली तर कळत नाही. चळत लावली की कळतं. दहा-दहाच्या दोन चळती शेजारी ठेवल्या तर स्टीलची चळत सरळसरळ बुटकी दिसते. स्टील कठीण असतं, त्यामुळे की काय, त्यावरची नक्षीही मला थोडी सपाट वाटली.

2005 चं दांडी यात्रेचं नाणंही असंच दोन्हींत निघालं.

चुंबकावर मात्र आंधळा विश्वास नको. नेहरूंच्या 1964 च्या नाण्याला लावला तर तेही चिकटलं, आणि मी क्षणभर चरकलो, बनावट की काय. पण ते शुद्ध निकेलचं आहे, आणि शुद्ध निकेल चुंबकाला धरतं. तेच निकेल पंचवीस टक्के आणि तांबं पंचाहत्तर टक्के झालं की धरत नाही. गांधींचं 1969 चं पन्नास पैसे आणि रुपया, दोन्ही निकेलचे, दोन्ही चिकटतात. म्हणजे चिकटलं म्हणून ते स्टील ठरत नाही. आधी साल बघायचं, मग चुंबक.

7 जुलै
मामींचे भाऊ आले होते. विट्याकडचे, गलाईवाले. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत, हे केरळात तीस वर्षं होते. येताना श्री नारायण गुरूंची 2006 ची पाच रुपयांची मूठभर नाणी घेऊन आले, आणि बघतो तर त्यातही दोन्ही धातू.

त्यांनी चुंबक बाजूला सारला. शहाबादी फरशीवर एकेक नाणं टाकून डोळे मिटून सांगत गेले, "हे जड. हे हलकं. हे हलकं." सतरापैकी सतरा बरोबर. तांबे-निकेलचा आवाज लांबतो, म्हणे, आणि स्टीलचा लगेच मरतो. माझ्या कानाला पाचव्या नाण्यानंतर सगळे सारखेच वाटायला लागले.

मग सराफ कट्ट्यावरच्या ओळखीच्या दुकानात काट्यावर घातली. तांबे-निकेलची 8.94, 8.97, 8.91. स्टीलची 5.97, 5.99. ठरलेलं वजन नऊ आणि सहा, बाकी हातांनी झिजवलेलं. तीन ग्रॅमचा फरक तळहातावरही कळतो, एकदा कळल्यावर.

धातू का बदलला असेल, यावर गलाईवाल्या मामांनी तोंडी हिशेब घातला. नऊ ग्रॅममध्ये सव्वादोन ग्रॅम निकेल. 2007 च्या मे महिन्यात निकेलचा भाव जागतिक बाजारात टनाला 50 हजार डॉलरच्या वर होता. म्हणजे त्या वेळच्या डॉलरच्या भावानं नुसतं निकेलच साडेचार रुपयांचं, वर पावणेसात ग्रॅम तांबं. पाच रुपयांच्या नाण्यात साडेसहा रुपयांचा माल! "असलं नाणं बाजारात टिकतंय व्हय? वितळवणारा कुणीतरी भेटतोच," असं म्हणून ते हसले. मी जास्त विचारलं नाही.

17 जुलै
आषाढी. ज्ञानेश्वरांची आणि तुकारामांची नाणी आजच लावली, मुद्दाम. ज्ञानेश्वरांचा रुपया स्टीलचा, 25 मिलिमीटर, 4.85 ग्रॅम. पुरात याच नाण्यांचं सगळ्यांत कमी नुकसान झालंय, गाळ धुतला की कालच पाडल्यासारखी. तुकारामांची तांबे-निकेलची, त्यांच्यावर काळपट सावली राहिली आहे. तशीच ठेवली.

मामा म्हणाले, पंढरपूरच्या जादा गाड्यांना ड्यूटी लागली की ही नाणी बाजूला काढायला फावायचं नाही, गर्दीत सुटे घेऊन सुटे द्यायचे. "किती माउली माझ्या हातानं परत गेल्यात, त्याचा हिशेब न्हाई."

वाण: काही नाही. साबुदाण्याची खिचडी चांगली होती.

26 जुलै
पाणी चढतंय. मामांना आणि मामींना आमच्याकडे आणलं. या वेळी डबा पहिल्यांदा उचलला, कपडे नंतर. मामी त्यावरून दिवसभर बोलत होत्या.

4 ऑगस्ट
पाऊस ओसरला, कामाला लागलो. आज 'डबल' नाण्यांचा दिवस. पोरांनी मोबाईलवर बघून वीसेक नाणी वेगळी काढून ठेवली होती, अक्षरं दोनदा उमटलेली म्हणून.

छापखान्यात ही गोष्ट रोजची. कागद दाबाखाली असताना केसभर सरकला की अक्षराला सावली पडते, त्याला आम्ही रजिस्टर हललं म्हणतो. ब्लॉक ठीक असतो, चूक त्या एका कागदाची. ब्लॉकमध्येच अक्षर दोनदा कोरलं गेलं असेल तर मात्र हजार कागदांवर तीच सावली येते, त्याच बाजूला, तेवढीच.

नाण्याचंही तसंच. ठसा नाण्यावर आपटून उठताना जरा हलला तर आधीच उठलेल्या अक्षराची कड तो दाबून सपाट करतो. तिथं पायरीसारखी चपटी कड दिसते, आणि मूळ अक्षर त्यामुळे बारीक झालेलं असतं. ठसा बनतानाच अक्षर दोनदा बसलं असेल तर अक्षर जाड होतं, त्याच्या टोकांना खाच पडते, दोन्ही थर गोलसर आणि सारख्या उंचीचे. पहिला प्रकार कवडीमोल. दुसरा खरा वाण.

भिंगाखाली वीसच्या वीस पहिल्या प्रकारातली. सगळ्यांना पायरी. एका पोराचं तोंड एवढं उतरलं की मी ते एक नाणं पेन्सिलीच्या रकान्यात ठेवलं. उद्या खोडेन.

11 ऑगस्ट
सतरा नाण्यांवर परत. आज दिवसभर तेच केलं.

आधी उजेड बदलला. इतके दिवस ट्यूबच्या खाली बघत होतो, वरून पडणाऱ्या उजेडात उठाव मरतो. खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी टेबलाला टेकवून आडवी धरली, उन्हं कलल्यावर शेताच्या सऱ्या लांबून दिसतात तसा. नाणं हळूहळू फिरवायचं. साल आलं की थांबायचं.

बारा नाण्यांवर जागा कोरी. गुळगुळीत, आजूबाजूच्या पत्र्यासारखीच. पाच नाण्यांवर काहीतरी आहे. एक फुगवटा, पापुद्र्याएवढा. बोटाला लागत नाही, समोरून दिसत नाही. उजेड एका विशिष्ट कोनात आला की त्याची सावली पडते आणि ती सावली चौकोनी, टोकावर उभी. हिरा.

हे मला कळायला हवं होतं. खिळ्यात शाई आणि कागदाची कुसं साठली की आधी 'ळ'ची पोटं भरतात, मग अनुस्वार जातो. आम्ही म्हणायचो, अक्षर भरलं. इथं ठशावरचा हिऱ्याचा खड्डा तेल-धुळीनं भरला, म्हणून नाण्यावर हिरा उठलाच नाही किंवा जेमतेम उठला. ही पाच नाणी मुंबईचीच. फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोरच्या त्या दगडी इमारतीत पाडलेली, आणि मी त्यांना कोलकात्याला धाडायला निघालो होतो.

अजून एक गोष्ट. पाचांपैकी तीन नाण्यांवर कडेपासून आत येणारी एक रेघ आहे, केसासारखी, तिन्हींवर त्याच जागी, त्याच वळणाची. नखानं चाचपली, उठलेली आहे. हे एकदा डोक्यात बसलं की चुकत नाही: नाण्यावर ओरखडा पडला तर रेघ खोल जाते, ठसा तडकला तर त्या तड्यात धातू घुसतो आणि रेघ वर उठते. खोल रेघ नाण्याची जखम, उठलेली रेघ ठशाची. तिन्हींवर एकच उठलेली रेघ म्हणजे ती तिन्ही एकाच ठशाखालून निघाली. पंचवीस वर्षांपूर्वी एका यंत्रावरून पडली, कुठकुठल्या पिशव्यांतून फिरली, आणि तिन्ही मामांच्या हातात आली.

मामांना उठवून दाखवलं. त्यांना रेघ दिसली नाही, पण नखाला लागली. तिन्हींवरून नख फिरवत बसले बराच वेळ. मग विचारलं, "एकाच दिवशी आली असतील का रं माझ्याकडं?" कसं सांगणार? पिशवीत तारखा नव्हत्या.

शाई: हिरा भरलेला, तडा उजवीकडे, 3 नाणी.
शाई: हिरा भरलेला, तड्याशिवाय, 2 नाणी.
बाकी बारा: खूण नाही. आता हे शब्द लिहायला हरकत नाही.

25 ऑगस्ट
छापा-काटा जुळणी. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेनं वर असतात. पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं फिरवलं तर मागची बाजू सुलटीच दिसायला हवी. वरच्या आणि खालच्या टोकाला चिमटीत धरून गर्रकन फिरवायचं, एका नाण्याला दोन सेकंद. 1,064 नाणी, शेजारची तीन पोरं, दोन तास, आणि भडंगाची अडीचशे ग्रॅमची दोन पाकिटं.

एकच सापडलं. एशियाडचं 25 पैसे, मागची बाजू घड्याळातल्या दहा मिनिटांएवढी कललेली. ठसा यंत्रात सैल बसला होता. एकच आहे, तेव्हा पेन्सिल. पोरांनी खूप हुज्जत घातली की हे चुकीनं पडलेलं असलं तरी टांकसाळीतच पडलंय, मग शाई का नाही. मुद्दा बरोबर आहे. ओरखड्यासारखं हे बाहेर होऊ शकत नाही. पण नियम मीच केलेला, आणि नियम मोडायला सुरुवात केली की त्या वीस 'डबल' नाण्यांपासून सगळेच रांगेत उभे राहतील. पेन्सिलच ठेवली, थोडी गडद.

1 सप्टेंबर
बोर्ड झाले. एकूण चौदा. अक्षरं मीच लावली, फ्लेक्सवाल्याकडे दिली नाहीत. चिंचेचं नाणंही लावलंय, दुसऱ्या बोर्डावर, खाली लिहिलंय: असं करू नये. मामांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. त्यांना बहुतेक जूनमध्येच कळलं होतं.

एक बोर्ड दहा रुपयांच्या नाण्यांचा करावा असं मंडळाचं म्हणणं होतं, कारण बाजारात अजून लोक ती घ्यायला कां-कूं करतात. 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं की दहा रुपयांची नाणी चौदा वेगवेगळ्या चित्रांत निघालीत आणि सगळी चालतात. दुकानदाराला वाटतं, चित्र वेगळं म्हणजे नाणं खोटं. मामांनी पस्तीस वर्षं प्रवाशांशी हेच भांडण केलं. बोर्ड केला, पण मामांच्या डब्यात दहाची नऊच चित्रं निघाली. उरलेल्या पाच जागा मोकळ्या ठेवून खाली लिहिलं, कुणाकडे असतील तर आणून दाखवा.

9 सप्टेंबर
गणपतीचा तिसरा दिवस. मोकळ्या पाचपैकी तीन जागा काल संध्याकाळपर्यंत भरल्या. एक तर पानवाल्यानं गल्ल्यातून काढून दिलं, जो महिन्याभरापूर्वी माझ्याकडून तेच नाणं घ्यायला तयार नव्हता.

मामा खुर्ची टाकून बसवेश्वरांच्या बोर्डापाशी बसतात. हातात दोरीचा चुंबक. पोरांना एकेक नाणं देतात आणि आधी हातानं तोलून सांगायला लावतात, मग चुंबक. तिन्ही शिवाजींच्या बोर्डाला मी काच लावली नाही, लोकांनी नख फिरवून बघावं म्हणून. मामी म्हणतात चोरीला जातील. अजून तरी तिन्ही आहेत.

रात्री आरतीनंतर कुपवाडच्या एक आजी आल्या. पदराच्या गाठीतून बसवण्णांचं पाच रुपयांचं नाणं सोडलं. अठरा वर्षं देव्हाऱ्यात आहे, म्हणाल्या, तुमच्या बोर्डावर दोन जातीचं लिहिलंय, तर माझं कुठलं ते सांगा. नाणं कुंकवानं लालभडक, अक्षरं सगळी बुजलेली, चेहरा तेवढा वर.

मामांनी चुंबक लावला. हललं नाही.

मी काटा काढला आणि सवयीनं सुती कापड हातात घेतलं. आजींनी माझा हात धरला. "पुसू नगंस बाबा."

वहीत शाईनं: बसवेश्वर, तांबे-निकेल, 9.21 ग्रॅम, कुंकवासह.